‘आम्ही’पासून ‘आपण’पर्यंत
(विद्यार्थ्यांच्या गटाने लिहायच्या संशोधन-अहवालाविषयी)

१० जुलै २०२४. सकाळचे सात वाजून चौदा मिनिटे. कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ जमीन हादरली आणि हिंगोली, नांदेड, परभणी या तिन्ही जिल्ह्यांत तो हादरा जाणवला. धक्का ४.५ तीव्रतेचा होता. त्याच वर्षी २१ मार्चला सकाळी सहाच्या सुमारास, दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले होते. त्यातला मोठाही ४.५चाच. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि भोवतालच्या गावांना तर जमिनीच्या पोटातून येणारा घुमणारा आवाज कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे.

अशा दिवशी शाळा भरते तेव्हा वर्गात दुसरा विषय नसतो. कोणी सांगते, फळीवरचे डबे पडले. कोणी म्हणते, आधी आवाज आला आणि मग हलले. शेजारचा म्हणतो, आधी हलले. एखादी मुलगी सांगते की त्यांची म्हैस आधीपासूनच दाव्याला ओढ देत होती. प्रत्येकाने आपापल्या घरात जे अनुभवले ते सांगितलेले असते. पण पंधरा दिवसांनी तोच प्रश्न विचारला, तर सांगणे बदललेले असते. एकाचे दुसऱ्यात मिसळते, वर्तमानपत्रातले तिसऱ्यात येते, आणि म्हैस आता आदल्या रात्रीपासूनच अस्वस्थ होती असे कळते. कोणी खोटे बोलत नसते. आठवण अशीच घडते.

विज्ञानाचा अहवाल इथे, सांगणे आणि नोंद यांच्या मधल्या जागेत, जन्माला येतो. ही पुस्तिका त्या जागेविषयी आहे. इयत्ता आठवी ते अकरावीची चार-पाच मुले एक प्रश्न घेतात, काही महिने त्याच्यामागे राहतात आणि मग आपल्याला काय सापडले ते एकत्र बसून लिहितात. हे लिहायचे कसे, हा पुस्तिकेचा विषय. प्रस्तावनेत मला त्याहून थोडे मागे जायचे आहे. हे लिहायचे कशासाठी, आणि एकट्याने न लिहिता गटाने लिहिण्यात असे काय आहे, हे सांगायचे आहे.

आपल्या भागाला भूकंप म्हटले की १९९३ आठवते. ३० सप्टेंबर, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे, अनंत चतुर्दशीची रात्र नुकती सरलेली. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, आणि त्यातली बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंतींखाली, वरच्या माळवदाच्या ओझ्याखाली गेली. त्या भूकंपाची तीव्रता काही ठिकाणी ६.२ लिहिलेली आढळते, काही ठिकाणी ६.४. मुलांना यात चूक वाटते. खरे तर तीव्रता काढण्याच्या रीती एकाहून अधिक आहेत आणि प्रत्येकीचा आकडा थोडा वेगळा येतो. म्हणून अहवालात नुसते ‘६.२’ लिहून भागत नाही. तो आकडा कोणाचा आणि कोणत्या मोजणीचा, हेही लिहावे लागते. आणखी एक गोष्ट. या मोजपट्टीवर एका अंकाची वाढ म्हणजे ऊर्जेत सुमारे बत्तीस पट वाढ. ४.५ आणि ६.२ यांत फरक १.७चा दिसतो, पण ऊर्जेच्या हिशेबाने किल्लारीचा धक्का रामेश्वर तांड्याच्या धक्क्याच्या साडेतीनशे पट भरतो. हे ज्याला कळले तो मुलगा गावात अफवा पसरल्यावर चार माणसांना शांतपणे काहीतरी सांगू शकतो.

योगायोग असा की राष्ट्रीय बालविज्ञान परिषदही १९९३ सालीच देशपातळीवर सुरू झाली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसरातला प्रश्न निवडावा, गटाने त्याचा अभ्यास करावा, नोंदवही ठेवावी आणि आपल्या भाषेत अहवाल मांडावा, ही तिची मूळ कल्पना. जिल्हा, राज्य अशा पायऱ्या चढत निवडक गट देशपातळीवर जातात. थर्माकोलची प्रतिकृती करून आणणे आणि प्रश्न घेऊन गावात फिरणे यांतला फरक या परिषदेने खेड्यापाड्यांतल्या कितीतरी शिक्षकांना दाखवला. ‘परिसरातला प्रश्न’ या दोन शब्दांचे मोल मी फार मानतो. कारण परिसरातल्या प्रश्नाचे उत्तर इंटरनेटवर आयते मिळत नाही. पांगरा शिंदेत मागच्या महिन्यात आवाज किती वेळा आला, हे मुंबईतल्या तज्ज्ञाला ठाऊक नसते. तिथल्या सातवीतल्या मुलीला मात्र ते रोज तारीख-वार लिहून ठेवता येते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. नवा, लहान, पाच तालुक्यांचा जिल्हा. मोठ्या प्रयोगशाळा शहरांत, मोठी विद्यापीठे शेजारच्या जिल्ह्यांत, मग आमची मुले काय संशोधन करणार, असा सूर इथे ऐकू येतो. असे म्हणणाऱ्यांनी वसमतच्या मोंढ्यात एक चक्कर मारावी. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि या हळदीभोवती शाळकरी गटाला पुरून उरतील इतके प्रश्न आहेत. काढलेली ओली हळद शिजवतात, मग वाळवतात, मग पॉलिश करतात. शंभर किलो ओल्या हळदीची वाळून साधारण वीस ते पंचवीस किलो होते. पण शिजवायची किती वेळ? कोणी हळकुंडात काडी सहज घुसली की झाली म्हणतो, कोणी वासावरून सांगतो. समजा एका गटाने एकाच शेतातल्या हळदीचे सारख्या वजनाचे चार भाग केले. एक भाग न शिजवता ठेवला, बाकीचे तीन वेगवेगळा वेळ शिजवले, सारे एकाच अंगणात वाळत घातले आणि रोज ठरल्या वेळी वजन केले. वजन सलग तीन दिवस उतरले नाही की हळद वाळली, अशी कसोटी त्यांनी आधीच ठरवली. लागणारे साहित्य इतकेच: तराजू, घड्याळ, वही. शिजल्यावर हळकुंडातल्या पिठूळ भागाचे रूप बदलते आणि पाणी लवकर निघून जाते, हे पुस्तकात आहे. आपल्या गावच्या उन्हात, आपल्या शेतातल्या हळदीला नेमके किती दिवस लागले, हे मात्र कोणत्याही पुस्तकात नाही. ते लिहिण्याचा अधिकार त्या गटाचा आहे.

आता लिहिण्याकडे येतो. मी अनेक विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसलो आहे. एकदा एका गटाचा विहिरींच्या पाणीपातळीवरचा अहवाल हाती आला. सुबक अक्षर, रंगीत आलेख, स्पायरल बाइंडिंग. तीस दिवसांच्या तक्त्यात एकही घर रिकामे नव्हते. मी सहज विचारले, एकही दिवस चुकला नाही? मुले एकमेकांकडे बघू लागली. मग त्यातला सर्वांत लहान मुलगा म्हणाला, ‘दोन दिवस ओढ्याला पूर होता सर, आम्हाला पलीकडं जाता आलं नाही. मग आजूबाजूचे आकडे बघून मधला भरला.’ तसे भरायला त्यांना मोठ्या माणसाने सांगितले होते, हेही पुढे कळले. मला त्या मुलांचा राग आला नाही. वाईट मात्र फार वाटले. ओढ्याला पूर आला ही त्या महिन्यातली पाण्याविषयीची सर्वांत मोठी नोंद होती. पुरानंतर तिसऱ्या दिवशी विहिरीची पातळी किती चढली, हा त्या अभ्यासाचा खरा गाभा ठरला असता. तक्ता भरलेला दिसावा म्हणून नेमकी तीच गोष्ट पुसली गेली. त्या दोन रिकाम्या घरांत ‘ओढ्याला पूर, जाता आले नाही’ इतकेच लिहिले असते, तर तो अहवाल माझ्या आठवणीत आदराने राहिला असता.

तोच अहवाल भाषेच्या अंगानेही बोलका होता. ‘पाण्याची पातळी मोजण्यात आली’, ‘सर्वेक्षण करण्यात आले’, ‘असे आढळून आले’. आपली मुले ही भाषा सरकारी कागदांतून आणि जुन्या अहवालांतून उचलतात, कारण ती भारदस्त वाटते. पण ‘मोजण्यात आली’ म्हटले की मोजणारा नाहीसा होतो. कोणी मोजली? दोर कोणता होता? जमिनीपासून मोजली की कठड्यापासून? एक दिवस उंच मुलाने आणि दुसऱ्या दिवशी ठेंगण्या मुलीने मोजली असेल, तर दोघांनी दोर कुठे धरला? हे प्रश्न विचारायला वाक्यात माणूसच उरत नाही.

इथे मराठीने आपल्याला एक सुंदर सोय दिली आहे. इंग्रजीत एकच ‘वी’ आहे. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन निराळे शब्द आहेत. ‘आम्ही जेवलो’ म्हटले की ऐकणारा त्या पंगतीबाहेर असतो. ‘आपण जेवू’ म्हटले की त्याचेही पान मांडलेले असते. चांगला अहवाल ‘आम्ही’ने सुरू होतो. आम्ही हा प्रश्न निवडला, आम्ही बेचाळीस घरांत गेलो, आम्ही प्रत्येक घरात हेच पाच प्रश्न याच क्रमाने विचारले, या तीन घरांत आम्हाला कोणी भेटले नाही. ही कामाची कबुली आहे आणि जबाबदारीही. मग वाचकाला सगळा तक्ता, सगळ्या अडचणी दाखवून झाल्या की शेवटी वाक्य येते: ‘यावरून आपण इतके म्हणू शकतो, की…’ या ‘आपण’मध्ये वाचक येऊन बसलेला असतो. तो आपल्या गावी तीच मोजणी करून पाहू शकतो, ती जुळली नाही तर भांडूही शकतो. पहिल्याच पानावर ‘आपण सर्व जाणतोच की’ असे लिहिणारा अहवाल हा हक्क फुकटात मागतो. आणि शेवटपर्यंत ‘आम्हीच’ म्हणत राहणारा अहवाल वाचकाला दाराबाहेरच उभा ठेवतो. ‘आम्ही’पासून ‘आपण’पर्यंतची वाट नोंदींवरून चालत जायची असते. या पुस्तिकेतले प्रत्येक प्रकरण त्या वाटेवरचा एकेक टप्पा आहे.

पण हा ‘आम्ही’ तरी कोण? बहुतेक शाळांत गट म्हणजे एक हुशार विद्यार्थी आणि चार नावे. एक लिहितो, बाकीचे भाषणापुरते पाठ करतात. मग गटाची गरजच काय, असे कोणी विचारले तर त्याला मी औंढ्याच्या रस्त्याने नेईन.

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या परिसरात लायगो-इंडिया हा प्रकल्प उभा राहत आहे. दूर अवकाशात कृष्णविवरे एकमेकांत मिसळतात तेव्हा अवकाशाच्या पोतातच लाटा उठतात. त्या गुरुत्वीय लहरी टिपणारे हे यंत्र. काटकोनात जोडलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत निर्वात नळ्या, त्यांतून धावणारा लेसर. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मान्यता दिली. पुण्याची आयुका ही संस्था त्यात आहे, इंदूर आणि गांधीनगरच्या संस्था आहेत. जमीन शांत हवी, वर्दळ दूर हवी, म्हणून ही जागा निवडली गेली. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली. त्या शोधाच्या निबंधावर हजाराहून अधिक शास्त्रज्ञांची नावे आहेत. यंत्राच्या गोंगाटातून असा अशक्त संकेत गाळून काढण्याच्या पद्धती घडवण्यात आयुकाचे संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे.

मला मुलांना सांगायची असते ती याच्या पाच वर्षे आधीची गोष्ट. १६ सप्टेंबर २०१० रोजी याच यंत्रांत एक ठळक संकेत आला. बृहल्लुब्धक तारकासमूहाच्या, म्हणजे व्याधाच्या ताऱ्याच्या, दिशेकडून आल्यासारखा वाटला म्हणून त्याला ‘बिग डॉग’ हे लाडके नाव पडले. शेकडो लोकांनी सहा महिने त्यावर काम केले. गणिते तपासली, वाद घातले, प्रसिद्ध करायचा निबंध शब्दन् शब्द लिहून तयार केला. सर्वांना एक गोष्ट आधीपासून ठाऊक होती. मोजक्या माणसांना यंत्रात गुपचूप खोटा संकेत सोडण्याची मुभा होती, आणि तो सोडला की नाही हे एका बंद पाकिटात होते. १४ मार्च २०११ रोजी कॅलिफोर्नियातल्या बैठकीत पाकीट उघडले. संकेत खोटा होता. गटाची परीक्षा घेण्यासाठी सोडलेला होता. निबंध छापला गेला नाही.

सहा महिने वाया गेले, असे मुलांना पहिल्यांदा वाटते. पण २०१५ साली खरा संकेत आला तेव्हा या गटाला आपल्या शंका कुठे असतात आणि त्या कोणत्या क्रमाने तपासायच्या, हे ठाऊक होते. पहिला प्रश्न हाच विचारला गेला, की कोणी पुन्हा खोटा संकेत सोडला आहे का? नाही, असे उत्तर आले. मग यंत्राची मांडणी तशीच ठेवून आणखी नोंदी गोळा केल्या. नुसत्या योगायोगाने असा संकेत दिसण्याची शक्यता २,०३,००० वर्षांत एकदापेक्षाही कमी आहे, इथपर्यंत हिशेब पोचला. सुमारे पाच महिन्यांनी, ११ फेब्रुवारी २०१६ रोजी, शोध जाहीर झाला. त्यातही एका कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या ३६ पट लिहिताना शेजारी लिहिले होते: वर ५, खाली ४. म्हणजे आकडा इतका इकडे-तिकडे असू शकतो, ही कबुली जगातल्या सर्वांत गाजलेल्या वाक्याच्या अंगालाच चिकटलेली होती.

गट कशासाठी, याचे उत्तर मला यात दिसते. काम वाटून घेता येते हा गटाचा लहान फायदा. मोठा फायदा असा की आपल्या वाक्यावर शंका घेणारे माणूस आपल्याच शेजारी, आपल्याच बाजूने बसलेले असते. म्हणून या पुस्तिकेत एक शिस्त सुचवली आहे. प्रत्येक प्रकरण एकाने लिहावे, पण ते वाचून प्रश्न विचारण्याचे काम ज्याने ती मोजणी केली नाही त्याच्याकडे द्यावे. त्याने प्रत्येक वाक्याशेजारी पेन्सिलीने लिहावे: हे आपण पाहिले, की कोणी सांगितले, की आपल्याला वाटते? ‘पाहिले’ असेल तर नोंदवहीतले पान दाखवावे. ‘सांगितले’ असेल तर कोणी ते लिहावे. ‘वाटते’ असेल तर तसेच म्हणावे. वाटण्यालाही अहवालात मानाची जागा आहे, फक्त तिने पाहण्याच्या जागेवर बसू नये. दोघांचे मत शेवटपर्यंत जुळले नाही तर दोन्ही मते लिहावीत. आणि शेवटी, कोणी काय केले याच्या चार ओळी याव्यात. त्यात दोर धरून उभा राहिलेल्या मुलाचे नाव पहिल्या वाक्याइतकेच महत्त्वाचे.

भूगर्भातल्या आवाजांसारखा विषय घेतला तर ही शिस्त किती उपयोगी पडते पाहा. जमिनीखाली थोड्याच खोलीवर लहानसा भूकंप झाला, तर खडकातून आलेल्या कंपनांचा काही भाग हवेत शिरून आवाजासारखा ऐकू येतो, ही शास्त्रज्ञांची समजूत आहे. दख्खनच्या कठीण काळ्या खडकातून अशी कंपने चांगली पोचतात. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते आणि लहान धक्क्यांना निमित्त होते, अशी एक शक्यताही अभ्यासक मांडतात. शाळेच्या गटाला यातले काही सिद्ध करायचे नाही. त्याने आवाजाची तारीख, वेळ, किती सेकंद टिकला, ऐकणारा घरात होता की शेतात, भांडी वाजली का, आणि त्या दिवशी पाऊस किती पडला, एवढे वर्षभर लिहावे. वर्षाअखेर ‘पावसाळ्यात आवाज जास्त नोंदले गेले’ असे वाक्य आले, तर शेजारच्या मुलीने विचारावे: जास्त आले, की रात्री पंखा बंद असल्यामुळे जास्त ऐकू आले? हा प्रश्न ज्या गटात विचारला जातो तो गट संशोधन करतो आहे.

शिक्षकांशी दोन शब्द. याच औंढ्याच्या भूमीतली विसोबा खेचर आणि नामदेवांची कथा आपल्या सर्वांच्या कानांवरून गेलेली आहे. पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबांनी नामदेवांना उपदेशाचे पाठांतर दिले नाही. जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव, एवढेच सांगितले. नामदेवांनी स्वतःच्या हातांनी पाय उचलले, जागा बदलली, पुन्हा बदलली, आणि जे कळायचे ते त्या करण्यातून कळले. मार्गदर्शक शिक्षकाचे काम मला याहून वेगळे वाटत नाही. मुलांचे वाक्य ओबडधोबड असले तरी ते त्यांचे असू द्यावे. आपण ते सुबक करून दिले की बक्षीस कदाचित मिळते, पण परीक्षकाने पहिला प्रश्न विचारताच मुले आपल्याच अहवालात पाहुण्यासारखी उभी राहतात. व्याकरण जरूर सुधारावे. निष्कर्षाला हात लावू नये. निष्कर्ष चुकीचा वाटला तर ‘हे कशावरून?’ असे विचारून वही परत करावी, आणि पुन्हा पाय कुठे ठेवायचे ते मुलांवर सोडावे.

पुस्तिकेची मांडणी या क्रमाने केली आहे: प्रश्न लहान कसा करायचा, नोंदवही कशी ठेवायची, कामाची आणि शंकांची वाटणी, मग लिहिणे, मग तपासणे. घाई असेल त्याने निदान नोंदवहीचे प्रकरण वाचावे, आणि ते काम सुरू करण्यापूर्वी वाचावे. शेवटच्या आठवड्यात लिहायला बसणाऱ्या गटाला ही पुस्तिका फारशी मदत करू शकणार नाही, कारण लिहिणे पहिल्या दिवशीच सुरू झालेले असावे लागते.

माझी एक इच्छा आहे. स्पर्धा संपल्यावर अहवाल रद्दीत जाऊ नये. त्याची एक प्रत कच्च्या नोंदींच्या वहीसह शाळेच्या कपाटात राहावी, त्यावर सालाचे लेबल असावे. आपल्या भागातली जमीन पुन्हा कधीतरी हलेल. ओढ्याला पुन्हा पूर येईल, हळद दरवर्षी शिजेल. त्या वेळी शाळेत असलेली मुले ते कपाट उघडतील. ‘आम्ही हेच पाच प्रश्न विचारले होते, या दोन दिवशी जाता आले नाही,’ असे त्यांना जुन्या अक्षरात वाचायला मिळेल. ती मुले त्याच बेचाळीस घरांत जातील, तेच प्रश्न विचारतील आणि दोन तक्ते शेजारी ठेवतील. तेव्हा एकमेकांना कधी न भेटलेल्या त्या दोन गटांचा मिळून एक ‘आपण’ झालेला असेल.

हिंगोली